मुंबईत खळ टिकत नाही

मी निघाले त्या दिवशी सोलापूरचं तापमान त्रेचाळीस होतं आणि मुंबईचं चौतीस. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे. नऊ अंश कमी म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातून उठून फेब्रुवारीत जाऊन बसायचं, असा हिशेब मी केला आणि त्या हिशेबाने बॅग भरली. दोन सुती साड्या, दोन्हींना साबुदाण्याची कडक खळ. सोलापूरकडून उन्हाळ्यात कामाच्या भेटीला मुंबईला जायची वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदाच येईल, त्यांना माझ्या चुकीचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. निदान सुरुवात तरी त्यासाठी केली.

आमचा युनिफॉर्म शिवायचा लहान कारखाना आहे. नऊ मशीन, त्यांवर नऊ बायका, आणि एक कटिंग मास्तर. मुंबईतली एक कंपनी मोठ्या इमारतींना पहारेकरी पुरवते, त्यांचे शर्ट आणि पँट आम्ही शिवतो. मुंबईला जाऊन बोलणी करायचं काम माझ्या नवऱ्याचं, विलासरावांचं. हिशेब ठेवणं आणि शिवलेला माल मोजून बघणं माझं. बावीस वर्षं हे असंच चाललं. फेब्रुवारीत विलासराव गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. एप्रिलमध्ये कंपनीचा निरोप आला, की पुढच्या वर्षाचं काम तुम्हाला द्यायचं का ते ठरवायचंय, कोणीतरी समक्ष या. कोणीतरी म्हणजे आता मीच होते.

काय नेसून जावं यावर घरात दोन मतं पडली. धाकटी जाऊ म्हणाली, राखाडी नेसा, या दिवसांत बरी दिसेल. पुण्याहून मुलगी म्हणाली, "आई, साडी नकोच. ट्राउझर-कुर्ता घाल, वर पातळ जॅकेट. तिथे सगळ्या तशाच असतात." मी दोघींचं ऐकून घेतलं आणि निळी काढली. ती विलासरावांनीच एका खेपेला दादरहून आणली होती. खळ घालून, इस्त्री करून, घडी मोडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. दुसरी साडी प्रवासाला नेसले. विलासरावांचे मुंबईचे शर्ट मी स्वतः शिवायची आणि असेच तयार करून द्यायची.

दादर

सकाळी दादरला उतरले. टॅक्सीसाठी रांगेत उभी राहिले तेवढ्यात निऱ्या पायांना चिकटल्या. पदराची कडक पट्टी खांद्यावरून ओघळली आणि कापडाला एक बुळबुळीतपणा आला. खळ ओली झाली की पुन्हा पेज होते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण सोलापुरात ती ओली होतच नाही. आपल्याकडे घाम दिसायच्या आत वाळतो, मागे फक्त मिठाची पांढरी रेघ राहते. मुंबईत घाम येतो आणि पाहुण्यासारखा मुक्कामाला राहतो. तापमानाच्या आकड्यात हे लिहिलेलं नसतं.

आजूबाजूला फुलांचे भारे घेऊन माणसं पळत होती. ऑफिसला निघालेल्या पुरुषांच्या मानेवर पावडरीचा पांढरा थर, आणि बऱ्याच जणांनी कॉलर आणि मान यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल खोचलेला. सोलापुरात रुमाल डोक्याला बांधतात, इथे मानेला. आपण उन्हाला भितो, ही माणसं घामाला. एक गृहस्थ टॅक्सीत बसताना रुमाल काढायला विसरले होते. माझ्या मनात आलं, असेच ते साहेबासमोर जाऊन बसले तर. मग माझ्याच पदराकडे लक्ष गेलं आणि मी दुसऱ्याची काळजी सोडली.

गिरगाव

विलासराव मुंबईत उतरत ते ऑस्टिन आणि फिलोमिना यांच्या घरी. ऑस्टिन एका कापडाच्या पेढीवर कारकून होते, पहिल्या खेपेला तिथे ओळख झाली, त्या रात्री लॉजवर जागा मिळाली नाही, आणि त्यानंतर विलासरावांनी लॉज शोधलाच नाही. दर नाताळात त्यांच्याकडून फराळाचा डबा यायचा, आमच्याकडून शेंगाचटणी जायची. मी दोघांना आजवर फोनवरच ओळखत होते.

वाडीच्या तोंडाशी झेंडूचा हार घातलेला क्रूस आहे, तिथून तिसरं घर. लाकडी जिना, वर दोन खोल्या, गॅलरीत तुळस आणि कढीपत्ता. फिलोमिना साठीची, ठेंगणी, भराभर बोलणारी. मला दारात बघून तिने आधी मिठी मारली. माझी साडी तिलाही चिकटली असणार.

"ऑस्टिनचे गुडघे नसते तर आम्ही आलो असतो हो वहिनी," ती म्हणाली. "त्या दिवशी हे नुसते बसून होते. जेवले पण नाहीत."

मी मांस-मासे खात नाही हे लक्षात ठेवून तिने तांदळाच्या पिठाचे पांढरे पोळे आणि नारळाच्या रसातला दुधी केला होता. पोळे इतके मऊ, की आपल्याकडच्या कडक भाकरीची सवय असलेल्या दातांना काम उरत नाही. मी म्हटलं, विलासराव हे खायचे का?

"हे पण खायचे," ऑस्टिन पेपरामागून म्हणाले.

"आणि दुसरं काय खायचे ते विचारू नका," फिलोमिना म्हणाली. "मी वचन दिलंय."

मी हसले. फेब्रुवारीनंतर बाहेर कुठे हसल्याचं आठवत नाही. बोंबलाचा वास विलासरावांच्या बॅगेला एकदा आला होता, तेव्हा त्यांनी शेजारच्या प्रवाशावर ढकललं होतं.

संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाची निळी साडी पिशवीतून काढून खुर्चीवर ठेवली. फिलोमिनाने तिच्यावर बोट टेकवून पाहिलं, पापड वाळला का बघतात तसं.

"उद्या हीच?"

"हो. मुद्दाम जपून आणली."

"मग आत्ताच पाण्यात टाकू. पंख्याखाली सकाळपर्यंत वाळते. भाऊंचे शर्ट पण वाळायचे."

"कोणाचे शर्ट?"

ती साडीची घडी उगाच सरळ करायला लागली.

"फिलू, सांग आता," ऑस्टिन पेपर खाली ठेवून म्हणाले. "आता रागवायला कोण आहे."

मग तिने सांगितलं. विलासराव आले की बॅग उघडून शर्ट बादलीत घालायचे. ती म्हणायची द्या मी करते, तर नाही. मोरीत उकिडवे बसून स्वतः चोळून चोळून खळ काढायचे, पंख्याखाली वाळवायचे आणि सकाळी तिच्याकडून इस्त्री मागून घ्यायचे. पहिल्या खेपेला तेवढा खळीचाच शर्ट घालून गेले होते. परत आले तेव्हा सगळं अंग चिकट, आणि कॉलर टेकते तिथे मानेभोवती लाल पट्टा, त्यावर पुरळ.

"मी औषध लावलं. म्हटलं, भाऊ, घरी सांगा ना, खळ नको म्हणून. साधी गोष्ट आहे. तर म्हणतात, नको. मी निघतो तेव्हा ती शर्टाकडे बघते, माझ्याकडे नंतर."

"असं म्हणाले?"

"हसून म्हणाले हो. पुढे म्हणाले, ती मुंबईला येत नाही, तिच्याकडून शर्ट तरी येतो."

दर खेपेला परत आल्यावर मी विचारायची, खळ कशी बसली होती? ते म्हणायचे, फर्स्ट क्लास. चहा पीत, डोळ्याला डोळा भिडवून म्हणायचे.

मी फिलोमिनाकडे बादली मागितली. ती देत नव्हती, मी करते म्हणाली, मी ऐकलं नाही. मोरी लहान आहे, दोन्ही बाजूंच्या भिंतींना गुडघे टेकतात. मोठा माणूस तिथे कसा बसत असेल ते मला कळेना. साडी चोळली तसं पाणी दुधट झालं. ते ओतलं, पुन्हा दुधट झालं. तिसऱ्या पाण्याला स्वच्छ निघालं.

लोअर परळ

सकाळी निळी साडी नेसले तेव्हा ती जुन्या पातळासारखी अंगावर पडली. मला कसंनुसं झालं, पण वाऱ्याची एक झुळूक आत जात होती हे खरं. फिलोमिनाने पर्समध्ये जास्तीचं ब्लाउज कोंबलं. "इमारतीत शिरलात की आधी बाथरूममध्ये जा आणि बदला. इथे सगळ्या तेच करतात," ती म्हणाली.

टॅक्सी लालबागवरून गेली. गिरण्या होत्या तिथे आता काचेच्या इमारती आहेत, एवढं सगळ्यांनाच माहीत आहे. मला माहीत नव्हतं ते त्यांच्या दारातलं. दारापर्यंत माणसं चपला घालून, बाह्या दुमडून, जॅकेट हातावर टाकून येतात. आत शिरल्यावर कोपऱ्यात उभं राहून बूट चढवतात, लिफ्टमध्ये जॅकेट. भिंतीवरचा आकडा बावीस दाखवत होता. बाहेर चौतीस, आत बावीस. मुंबईत कामाचे कपडे दोन हवांसाठी घालावे लागतात आणि त्या दोन हवांमध्ये फक्त एक काचेचं दार असतं.

त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला जो माणूस उभा होता, त्याच्या अंगावर आमचा शर्ट होता. आकाशी रंग, खिशाच्या कोपऱ्यावर आमचा तिरका टाका. टाय, आणि वरचं बटण लावलेलं. मी वेळेच्या बरीच आधी पोहोचले होते.

"ताई, उन्हात कशाला? इकडे सावलीत या," तो म्हणाला आणि स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. घोडपदेवला राहतो म्हणाला. पन्नाशीचा असेल.

"या उकाड्यात टाय काढता येत नाही?" मी विचारलं.

"टाय काढला की मेमो. बटण उघडलं की मेमो. साहेब लोकांचं बटण उघडं चालतं, आमचं नाही."

"गळ्याला काचत नाही?"

"आधीच्या कंपनीचा काचायचा. संध्याकाळी मानेला पट्टा. बायको म्हणायची, ड्युटीला जाता की फासावर? हा बरा आहे. हे बघा." त्याने बटण न काढता कॉलरमध्ये बोट घातलं आणि मानेभोवती फिरवलं. "वारा जातो. तुम्ही कोणाकडे आलात?"

"पहिल्या मजल्यावर काम आहे," मी म्हटलं. शर्ट आमचा आहे हे सांगितलं नाही. त्याच्या मानेकडे बघत राहिले. तिथे घाम होता, पट्टा नव्हता.

कंपनीची खरेदी बघणारे सामंतसाहेब पस्तिशीचे, नम्र. विलासरावांबद्दल ऐकून वाईट वाटलं म्हणाले. "काका दर वेळी वेळेआधी यायचे. काय इस्त्री असायची शर्टाला." मग त्यांनी टेबलावर आमचे तीन शर्ट मांडले, टेप माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, कॉलर तुम्हीच मोजा."

शर्टाची छाती, लांबी, बाही मी मोजते. दर खेपेच्या मालात मोजते आणि पाव इंचाचा फरक असला तरी परत करते. कॉलर तेवढी विलासराव बघायचे. "ते मी बघतो, तू बाकीचं बघ," म्हणायचे. मी मोजली. आत सोळाचं लेबल होतं, कॉलर साडेसोळा भरली. दुसरी साडेसोळा. तिसऱ्यावर पंधरा होतं, ती साडेपंधरा.

"सगळ्या अशाच आहेत," सामंत म्हणाले. "आमच्याकडे ऑडिट झालं. आता स्पेक म्हणजे स्पेक, कागदावरचं माप तेच यायला हवं. पण मला तुमचं काम काढायचं नाहीये, खरं सांगतो. तुम्ही फक्त एक ईमेल टाका, की आधीच्या माणसाकडून कटिंगमध्ये चूक होत होती, आता मी जातीने बघते. मी वर दाखवतो. विषय संपला."

आधीचा माणूस.

"चूक असती तर कधी कमी भरली असती, कधी जास्त," मी म्हटलं. "ही सगळीकडे अर्धाच इंच आहे, आणि जास्तच आहे. अशी चूक होत नाही, सामंतसाहेब. हे कोणीतरी धरून चालवलंय."

"मुद्दाम म्हणालात तर अजून प्रॉब्लेम होतो, मॅडम."

"तुमच्या खालच्या माणसाला बटण लावून दिवसभर उभं राहावं लागतं."

ते खिडकीकडे बघून म्हणाले, "मला कळतंय. पण साइज चार्ट इथे ठरत नाही. वर विचारतात, टाय सैल का दिसतो."

"मग लेबल साडेसोळाचं लावू. नसेल चालत तर उद्यापासून सोळाला सोळा कापून देते. पण चूक झाली असं लिहिणार नाही."

"मॅडम, नेमकं तेवढंच पाहिजे आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त अवघड झालं. "संध्याकाळपर्यंत विचार करा."

खाली तो पहारेकरी म्हणाला, "झालं का काम, ताई?"

"झालं," मी म्हटलं.

पुन्हा गिरगाव

मी दोघांना सगळं सांगितलं. ऑस्टिन बराच वेळ गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. तो गेला. एक शब्द लिहिल्याने त्याला आता काय होणार? नऊ घरं आहेत तुमच्यावर."

"तुम्ही गप्प बसा," फिलोमिना म्हणाली.

"मी खरं तेच बोलतोय."

ते खरंच बोलत होते. मी गॅलरीत बसून त्या नऊ जणींचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आणले. दोघींची मुलं शिकतात. एकीचा नवरा घरी बसून आहे. त्यांतली कोणीही म्हणाली असती, लिहून टाका, ताई. विलासरावही बहुधा तेच म्हणाले असते. स्वतःच्या नावाची त्यांना कधी फिकीर नव्हती. ती मला होती.

मी फोनवर ईमेल लिहिला. कॉलर अर्धा इंच मोठी ठेवली होती ती पहारेकऱ्यांच्या सोयीसाठी, ते आम्ही कळवायला हवं होतं, यापुढे तुमच्या मापाने कापू. चूक हा शब्द घातला, खोडला, पुन्हा घातला. शेवटी न घालता पाठवला.

निघताना फिलोमिनाने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या बॅगेत वर ठेवलं. "जानेवारीत भाऊ दोन शर्ट घेऊन आले होते. एकच लागला. दुसरा धुतलेला इथेच राहिला. पुढच्या वेळी घालतो म्हणाले."

सोलापूर

आठवड्याभरात उत्तर आलं. पँटचं काम वर्षभरासाठी कायम, शर्टचं दुसऱ्यांना दिलं आहे. सामंतांनी खाली स्वतःहून दोन ओळी लिहिल्या होत्या, की मी प्रयत्न केला. आता पाच मशीन चालतात. चारांवर कापड टाकून ठेवलं आहे. चौघींसाठी शाळेच्या गणवेशाचं काम शोधते आहे, अजून मिळालेलं नाही. त्यातली एक रोज सकाळी येऊन विचारून जाते. मी बरोबर केलं का, हे तिच्याकडे बघून मला सांगता येत नाही. आणि घोडपदेवच्या त्या माणसाच्या अंगावर एव्हाना नवा शर्ट आला असेल, सोळाला सोळा.

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. सुती कपडे न्या, पण खळ घालू नका. एक जास्तीचं ब्लाउज किंवा शर्ट पर्समध्ये असू द्या. वेळेच्या आधी पोहोचा आणि आधी घाम जिरू द्या. आत थंडी असते, खांद्यावर घ्यायला काहीतरी ठेवा. आणि तिथलं तापमान वाचून फसू नका.

वर्तमानपत्राचं पुडकं मी काल उघडलं. पांढरा शर्ट, तिथल्या इस्त्रीची घडी. माझ्याच हातची शिवण, तरी बोटांना ओळख पटेना. विलासरावांचे शर्ट मी शिवताना कोरे, मग खळीने कडक, नाहीतर मळून परत आलेले असेच हातात घेतले होते. असा धुऊन वाळलेला आणि मऊ कधीच नाही. मी टेप काढली आणि कॉलर मोजली. सोळा. मीच कापली होती, त्यांच्या मापाला बरोबर सोळा. बाहेरच्या माणसांसाठी त्यांनी अर्धा इंच धरला, स्वतःसाठी कधी मागितला नाही.

वरचं बटण लावलं आणि त्या पहारेकऱ्याने घातलं होतं तसं कॉलरमध्ये बोट घातलं. ते सहज गेलं, सगळीकडे फिरलं. आत मान नव्हती, जाणारच.